पिंजऱ्यापाशी उभा असलेला माणूस

मागच्या वेळी आपण विज्ञान आणि प्राणी या विषयावर बोललो, तेव्हा प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ एकाच वादात गेला. प्राण्यांवर प्रयोग करावेत की करू नयेत? वाद चांगला रंगला, पण त्यात पात्रं दोनच होती, शास्त्रज्ञ आणि प्राणी. आज आपण तिसऱ्या पात्राविषयी बोलणार आहोत. रोज सकाळी जो पिंजऱ्याचं दार उघडतो, ओला भुसा काढतो, पाणी बदलतो, आणि काही आठवड्यांनी पुष्कळदा त्याच प्राण्याला मारण्याच्या कामालाही ज्याचा हात लागतो, तो माणूस. ओघानं त्याच्यावर देखरेख करणाऱ्याविषयीही बोलावं लागेल. विज्ञानाच्या इतिहासात या दोघांना फारशी जागा मिळालेली नाही. तळटीपेतसुद्धा नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आजचा इतिहास तुकड्या-तुकड्यांनीच हाती येणार आहे.

सुरुवात पावलॉव्हपासून करू, कारण पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. घंटा वाजते, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, एवढं तर शाळकरी मुलंही सांगतील. पण गोष्ट घंटेपासून सुरू झालेली नाही. सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत पावलॉव्ह 1891पासून शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख होते आणि काम चाललं होतं पचनावर. 1904 सालचं नोबेल त्यांना मिळालं तेही पचनावरच्या कामाबद्दल. त्या कामात एक गोष्ट सारखी आडवी येत होती. अन्न तोंडात पडायच्या आधीच कुत्र्याला लाळ सुटायची. भांडं दिसलं की सुटायची, भांडं आणणारा माणूस दिसला की सुटायची, आणि पुढे तर तो माणूस दिसायचीही गरज उरली नाही, त्याची पावलं वाजली की पुरे. पावलॉव्हनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

म्हणजे बघा, मानसशास्त्रातल्या सगळ्यात गाजलेल्या शोधामागचं पहिलं चेतक काय होतं? एका नोकराची चाल. घंटा, मेट्रोनोम, दिवा ही सगळी नंतरची, मोजता येतील अशी साधनं. मूळ घंटा म्हणजे खाणं घेऊन येणारा माणूस.

आता यापुढे जे झालं ते तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं नीट पाहण्यासारखं आहे. शोध लागल्यावर पावलॉव्हना त्या माणसाची अडचण व्हायला लागली. तोच काय, प्रयोग करणाराही अडचणीचा झाला. कोणी हललं, शिंकलं, रस्त्यावरून गाडी गेली, की कुत्र्याचं लक्ष उडायचं आणि आकडे बिघडायचे. म्हणून 1910च्या सुमारास एक खास इमारत बांधायला घेतली. लोक तिला मौनाचा मनोरा म्हणत. जाड भिंती, भोवती खंदक, खंदकात गवत, आणि कुत्र्याची खोली प्रयोगकर्त्याच्या खोलीपासून तोडलेली. माणसाचा मागमूस कुत्र्याला लागू नये म्हणून एवढा खटाटोप. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ खायला घालायला मात्र माणूस लागतच होता. त्याची पावलं वाजतच होती, फक्त वहीत नोंद व्हायची थांबली.

त्याच नोकरांची आणखी एक आठवण इतिहासात उरली आहे. 1924च्या सप्टेंबरात नेवा नदीला मोठा पूर आला. शहराचं नाव तेव्हा लेनिनग्राड झालं होतं. कुत्र्यांच्या कोठ्यांत पाणी शिरलं. कुत्री पिंजऱ्याच्या छताशी नाक लावून पोहत राहिली. पिंजऱ्याची दारं खाली होती, पाण्यात बुडलेली. वाचवणाऱ्यांनी एकेका कुत्र्याला आधी पाण्याखाली ओढलं आणि दारातून बाहेर काढलं. कुत्री वाचली, पण त्यांतल्या काहींचे महिनोन्‌महिने घडवलेले प्रतिक्षेप पुसले गेले. पुढे एका कुत्र्याच्या बाबतीत तर दाराखालून पाण्याचा ओघळ सोडला तरी ते पुन्हा कोलमडत. आघात आणि स्मृती यांच्या अभ्यासात या प्रसंगाचा उल्लेख आजही होतो. पाण्यात उतरलेल्यांचा उल्लेख मात्र ‘नोकर’ एवढाच. त्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारक आहे, 1935 साली उभारलेलं, आणि ते असणं आम्हाला योग्यच वाटतं.

प्राणी सांभाळणाऱ्यांवर देखरेख करणं ही कला काही प्रयोगशाळेनं शोधलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष, अश्वाध्यक्ष, हस्त्यध्यक्ष असे स्वतंत्र अधिकारी आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली माणसांची मोठी उतरंड आहे. हत्तीच्या प्रकरणात वैद्य, माहूत, खाणं शिजवणारा, चारा आणणारा, पायाला साखळी घालणारा, ठाण राखणारा, रात्री जवळ झोपणारा, असे एकेक नेमून दिलेले आहेत. पुढे दंडाच्या बाबी येतात. ठाण अस्वच्छ ठेवणं, चारा न घेणं, हत्तीला उघड्या जमिनीवर झोपवणं, नको त्या जागी मारणं. या यादीत मौज काय आहे? सगळे गुन्हे कोणी बघत नसताना करायचे आहेत. कायदा करणाऱ्याला ठाऊक होतं की हत्ती तक्रार करायला येणार नाही.

आपल्याकडे याहून जिवंत कागद आहे. शिवाजी महाराजांचं 1670च्या दशकातलं पत्र, चिपळूणजवळ हलवर्णला घोड्यांची छावणी होती तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. शाळेत ते रयतेच्या काळजीचं पत्र म्हणून शिकवतात, आणि ते तसं आहेच. पण एकदा ते पागेवरच्या देखरेखीचं पत्र म्हणून वाचून पाहा. पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणावैरण साठवलेली आहे. ती आताच बेहिशेबी उधळली तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल. हा पत्रातला रोख. पुढे आगीचा धोका. कोणी वैरणीजवळ चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताच्या गंजी जातील. आमच्या मते उत्तम देखरेख म्हणजे काय याचा हा नमुना आहे. ‘काळजी घ्या’ असं म्हणून पत्र थांबत नाही. चूक नेमकी कुठून, कशी, कोणत्या वेळी शिरेल ते बसून कल्पून लिहिलेलं आहे. आणि जबाबदारी मोतद्दारावर टाकलेली नाही, ती जुमलेदार-हवालदारावर आहे.

पण पागा आणि प्रयोगशाळा यांत एक मूलभूत फरक आहे, तो विसरून चालणार नाही. घोडा जगला तर राज्याचा फायदा. प्रयोगशाळेतला उंदीर मात्र एका ठरलेल्या दिवशी मरायचाच आहे. पागेत प्राण्याचं हित आणि मालकाचं हित पुष्कळ अंतरापर्यंत बरोबर चालतात. प्रयोगशाळेत ते एका वळणावर वेगळे होतात, आणि त्या वळणावर उभा असतो तो सांभाळणारा. आजवर ज्याला जगवलं त्याला आता मारा, असं त्याला सांगितलं जातं. मोतद्दारावर अशी वेळ क्वचित यायची. इथे ती कामाचाच भाग आहे.

आधुनिक कायद्यानं या माणसाकडे कसं पाहिलं? बराच काळ पाहिलंच नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांना शिस्त लावणारा पहिला मोठा कायदा ब्रिटनमधला, 1876 सालचा. प्रयोग करणाऱ्याला परवाना, जागेची नोंदणी, वर निरीक्षक. कायद्याची सगळी नजर टेबलावर, सुरीवर, भूल दिली की नाही यावर. टेबलावर येण्याआधीचे आणि नंतरचे दिवस जवळपास अंधारातच.

त्या अंधाराचं उदाहरण म्हणजे लंडनचं तपकिरी कुत्र्याचं प्रकरण. 1903च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस यांनी विद्यार्थ्यांपुढे एका कुत्र्यावर प्रात्यक्षिक केलं. श्रोत्यांत दोन स्वीडिश तरुणी होत्या. त्यांचं म्हणणं, कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती. त्यावर भाषण झालं, बेलिसनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो जिंकला, 2,000 पौंड भरपाई मिळाली. पुढे पुतळा, दंगली, सगळं रामायण झालं. आम्हाला त्यातल्या दोन बारीक गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या कुत्र्यावर आधीची शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली होती, म्हणजे मधले दोन महिने तो पिंजऱ्यात होता. खटल्यात युक्तिवाद झाला तो टेबलावरच्या अर्ध्या-पाऊण तासाचा. त्या दोन महिन्यांत त्याची जखम कोणी पाहिली, रात्री तो रडला तेव्हा कोण उठलं, याचं कोणाला पडलं नव्हतं. दुसरी गोष्ट, कुत्र्याला शेवटी कसं मारलं याची साक्ष प्रयोगशाळेच्या नोकरानं दिली. तो म्हणाला, भुलीच्या औषधानं. नंतर एका तरुण सहायकानं, जो पुढे नोबेल मिळवणारा हेन्री डेल झाला, सांगितलं की मी सुरीनं मारलं. नोकर खोटं बोलला की त्याला खरंच ठाऊक नव्हतं, यावर आम्ही निकाल देणार नाही. पण प्राणी ज्याच्या ताब्यात, त्यालाच प्राण्याचं शेवटी काय झालं याची पक्की खबर नाही, ही व्यवस्था कशी होती ते यातून दिसतं.

ब्रिटनच्या कायद्यात ‘रोजच्या निगराणीला जबाबदार असलेली नावानिशी व्यक्ती’ आली ती 1986 साली. 1876 ते 1986. मोजा, 110 वर्षं लागली. दरम्यान काम कायद्याबाहेरच्या लोकांनी केलं. चार्ल्स ह्यूम नावाच्या गृहस्थांनी 1926 साली लंडन विद्यापीठात प्राणिकल्याणाची संस्था काढली. तिनं 1947 साली प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या निगराणीची पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि तिच्याच पुढाकारातून रसेल आणि बर्च यांचा 1959 सालचा ग्रंथ आला. प्राण्यांऐवजी पर्याय, संख्येत घट, पद्धतीत सुधारणा ही आज सगळीकडे घोकली जाणारी त्रयी त्यातलीच. 1950 साली तिकडे प्राणी-तंत्रज्ञांनी आपली संघटना काढली, परीक्षा सुरू केल्या. झाडूवाला म्हणून आलेला माणूस तंत्रज्ञ झाला. हे नावापुरतं नाही. परीक्षा दिलेला माणूस साहेबाला ‘नाही’ म्हणू शकतो.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. 1896 साली मांडवीत प्लेग निघाला आणि हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर लस तयार झाली. सशांवर पाहिली, आणि 10 जानेवारी 1897ला हाफकिननी ती स्वतःला टोचून घेतली. सशांना चारा घालणारे हात त्या तीन शिपायांतलेच असणार, दुसरं होतंच कोण. पुढे 1899 साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

परळच्या कामात गिनीपिगचा मोठा वाटा आहे. पिसवा उंदरांवरून उतरून दुसऱ्या प्राण्यावर जातात हे दाखवायला ग्लेन लिस्टन आणि त्यांचे सहकारी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडत. गिनीपिग म्हणजे चालताबोलता पिसवांचा सापळा. पुढे मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत प्रयोग झाले. जमिनीवर मोकळे फिरणारे गिनीपिग प्लेगनं मेले, पिसवांची उडी पोचणार नाही अशा उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. केवढं सुंदर प्रमाण! पण हे गिनीपिग चाळीत नेऊन सोडायचे, सकाळी धरून आणायचे, त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचायच्या. आता विचार करा, ही कामं कोणाच्या अंगावर पडत असतील, आणि त्यातला धोका काय होता. प्रयोगाचा निष्कर्ष जर ‘पिसवेच्या टप्प्यात राहू नका’ असा असेल, तर तो सिद्ध करणारा माणूस रोज त्या टप्प्यात वाकत होता.

इथे थोडं विषयांतर करतो. 1902च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. ठपका हाफकिनवर आला, त्यांना बाजूला करण्यात आलं. बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे चौकशीच्या कागदांत होतं, तरी दोष धुऊन निघायला 1907 उजाडलं. आता कोणी म्हणेल, बघा, चूक खालच्या माणसाची आणि शिक्षा वरच्याला. पण चिमटा पडला तर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं होतं का, त्याच्याजवळ दुसरा चिमटा होता का, शेजारी विचारायला कोणी होतं का, हे प्रश्न विचारल्याशिवाय ‘चूक खालच्या माणसाची’ हे वाक्य पुरं होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. आता अमेरिकेत जायचं आहे, तिथे तो पुन्हा भेटेल.

अमेरिकेत 1966चा कायदा झाला तो हरवलेल्या, चोरलेल्या कुत्र्यांच्या संतापातून. पण देखरेखीचा प्रश्न उघडा पडला तो 1981 साली, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे. एडवर्ड टॉब हे मानसशास्त्रज्ञ माकडांच्या हातातल्या संवेदना नेणाऱ्या नसा कापून पाहत होते, की बधिर हात प्राणी पुन्हा वापरायला शिकतो का. विषय महत्त्वाचा होता. पुढे टॉब यांनी त्यातूनच पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती उभी केली, आणि ती आज जगभर वापरली जाते. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फार सोपी होते.

त्या उन्हाळ्यात ॲलेक्स पचेको नावाचा तरुण मदतनीस म्हणून तिथे लागला. तो प्राणीहक्क चळवळीतला होता, हे टॉबना माहीत नव्हतं. त्याला किल्ली मिळाली. रात्री येऊन त्यानं फोटो काढले, बाहेरच्या तज्ज्ञांना आणून जागा दाखवली, त्यांची प्रतिज्ञापत्रं घेतली. टॉब ऑगस्टमध्ये रजेवर होते, आणि त्या दिवसांत साफसफाई करणारे नोकर काही वेळा आलेच नाहीत. 11 सप्टेंबरला पोलिसांनी छापा घातला. 17 माकडं होती. घाण साचलेली, जखमा उघड्या. बधिर हात आपला नाहीच असं समजून माकडं तो चावत, म्हणून जखमा.

टॉब यांचं म्हणणं, एरवी जागा अशी नसते, माझ्या पाठीमागे घाण साचू दिली आणि फोटो काढले. फिर्यादीचं म्हणणं, जखमांना वैद्यकीय देखभाल नव्हती. पहिल्या न्यायालयानं सहा माकडांच्या बाबतीत पुरेशी पशुवैद्यकीय सेवा न दिल्याबद्दल दोषी धरलं, ज्यूरीपुढे ते एकावर आलं, आणि 1983 साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं तेही रद्द केलं. कारण, राज्याचा क्रूरताविरोधी कायदा केंद्राच्या पैशानं चालणाऱ्या संशोधनाला लागू नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत कोणीच दोषी उरलं नाही.

तत्त्वज्ञानाचा प्रश्न मात्र उरतोच. रजेच्या काळात न आलेले ते नोकर दोषी का? कमी पगाराचं, वासाचं, कोणी विचारपूस न करणारं काम. ते आले नाहीत यात नवल नाही, नवल याचं की न आल्यानं कोणाला काही कळलं नाही. पचेको तिथे होता, पण तो पुरावा गोळा करत होता. आमच्या मनाला हे खटकतं. ज्याला दिसत होतं त्यानं खराटा उचलला नाही, कॅमेरा उचलला. त्याचं उत्तर असं असणार की एका दिवसाची सफाई केली असती तर पुढची शंभर माकडं तशीच राहिली असती, आणि ते उत्तर हलकं नाही. 1985च्या दुरुस्तीत संस्थेची देखरेख समिती आणि शास्त्रज्ञांबरोबर प्राणी सांभाळणाऱ्यांचंही प्रशिक्षण सक्तीचं झालं, त्यात या फोटोंचा वाटा आहे. पण त्या 17 जणांच्या पिंजऱ्यापुरतं पाहिलं, तर सगळे हुशार लोक दुसरं काहीतरी महत्त्वाचं करत होते आणि पाण्याची वाटी रिकामी होती.

भारताचा कायदा या बाबतीत मागासलेला नाही, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आग्रहातून 1960चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी. त्यात प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद आहे. आणि दोन कलमं लख्ख आहेत. संस्थेत प्रयोग होत असेल तर जबाबदारी संस्थाप्रमुखाची. आणि प्राण्यांची निगा प्रयोगाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा नीट घेतली गेली पाहिजे. तपकिरी कुत्र्याचे दोन महिने आपल्या कायद्यात पहिल्यापासून आहेत. 1998चे नियम आले, त्यांच्या नावातच ‘नियंत्रण आणि देखरेख’ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत प्राणी-तंत्रज्ञांसाठी आणि पर्यवेक्षकांसाठी वेगवेगळे अभ्यासक्रम चालत आले आहेत. कागद उत्तम आहे.

त्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत एक प्राणी-नैतिकता समिती असते. शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रभारी शास्त्रज्ञ, बाहेरचा शास्त्रज्ञ, सरकारी समितीचा प्रतिनिधी, आणि विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्य. या शेवटच्या खुर्चीवर काही वर्षं एका संस्थेत आम्ही बसलो, म्हणून पुढचं सांगतो. यादी पुन्हा मनात म्हणून बघा. रोज पिंजरा उघडणारा माणूस तिच्यात नाही. युरोपच्या 2010च्या निर्देशात संस्थेच्या प्राणिकल्याण मंडळावर पहिली जागाच प्राण्यांच्या निगराणीला जबाबदार व्यक्तीची आहे. आपल्याकडे प्रभारी शास्त्रज्ञ आहे, पण त्याचं ऑफिस बहुधा दुसऱ्या मजल्यावर असतं.

त्या संस्थेत पाहणीला गेलो की रजिस्टर पुढे येई. तापमान 18 ते 29 अंशांत असावं, आर्द्रता 30 ते 70 टक्क्यांत, असा दंडक आहे. रजिस्टरात रोज 23 अंश. मे महिन्यातही 23, वीज गेली त्या दिवशीही 23. एका पाहणीत तर बुधवारी शुक्रवारपर्यंतचे 23 भरून ठेवलेले होते, एकाच शाईत. पर्यवेक्षकाची सही प्रत्येक पानावर. प्रभारींनी त्या अटेंडंटला आमच्यादेखत झापलं. आम्हाला वाटलं, झापायचं कशाबद्दल? त्याला कळून चुकलं होतं की वरच्यांना आकडा हवा आहे, आणि आकडा त्यानं वेळेच्या आधी दिला. देखरेख कागदावर होत असेल तर खालचा माणूस कागद सांभाळतो.

त्याच माणसाला बाजूला घेऊन आम्ही विचारलं, उंदीर आजारी पडलाय हे तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, “सर, दार उघडल्याबरोबर कळतं. आवाज कमी असतो. आणि वास.” वासाचं त्यानं सांगितलं ते शास्त्राला धरून आहे. भुसा वेळेवर बदलला नाही की लघवीतून अमोनिया तयार होतो आणि उंदरांच्या श्वासमार्गाचे रोग बळावतात. माणसाचं नाक मात्र थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. म्हणून देखरेख करणाऱ्यानं बाहेरून ताज्या नाकानं, सकाळी पहिल्यांदा दार उघडताना तिथे असायला हवं. अकरा वाजता चहा घेऊन आलेल्या पर्यवेक्षकाला ते कळणार नाही. पाहणी नेहमी अकरालाच असायची.

कोणी म्हणेल, हे सगळं दयेचं बोलणं झालं, विज्ञानाचा काय संबंध? तर ऐका. 1980 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्या सशांना 2 टक्के कोलेस्टेरॉलचा एकच आहार. त्यातल्या एका गटाला रोज कुरवाळलं, त्यांच्याशी बोललं, खेळलं. त्या गटात रक्तवाहिन्यांवरची विकृती 60 टक्क्यांनी कमी निघाली. 2010 साली इंग्लंडमधल्या जेन हर्स्ट यांनी दाखवलं की पांढऱ्या उंदराला शेपटीनं उचललं तर तो भेदरतो, ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललं तर तो माणसाजवळ आपणहून येतो. शेपटीनं उचलणं ही जगभरच्या प्राणिगृहांतली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 2014 साली कॅनडातल्या गटानं दाखवलं की पुरुषाचा नुसता वाससुद्धा उंदरांमध्ये एवढा ताण निर्माण करतो की त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. पुरुषानं घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच.

म्हणजे पावलॉव्हनी मनोरा बांधून ज्याला बाहेर काढलं होतं, तो आत होताच. पिंजऱ्यापाशी कोणाचा हात आला, कसा आला, त्या हाताला घाई होती का, आदल्या महिन्याचा पगार झाला होता का, हे सगळं प्राण्याच्या रक्तात उतरतं आणि मग संशोधकाच्या तक्त्यात. शोधनिबंधाच्या पद्धतीच्या भागात उंदराची जात, वय, वजन, खाद्याची कंपनीसुद्धा असते. हाताविषयी एक ओळ सापडत नाही.

धोक्याबद्दलही एक ओळ सांगतो आणि पुढे जातो. 1997 साली अमेरिकेतल्या एका माकड-केंद्रात माकड हलवताना 22 वर्षांच्या मदतनीस तरुणीच्या डोळ्यात द्रव उडाला. त्यातून विषाणूचा संसर्ग होऊन ती काही आठवड्यांत गेली. त्यानंतर डोळ्यांच्या संरक्षणाचे नियम कडक झाले.

राहिला मारण्याचा प्रश्न. कांटचं म्हणणं असं होतं की प्राण्यांशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून क्रूरता टाळावी. जिवंत प्राण्यांवर प्रयोग करणारे क्रूर वागतात हे तो मान्य करतो, पण हेतू चांगला म्हणून सोडून देतो. कांटसमोर सुरी धरणारा होता, आधी सहा महिने खायला घालून मग मारणारा नव्हता. या दुसऱ्या माणसाचं मन निष्ठुर झालं तर आपण त्याला बेफिकीर म्हणून झापतो, आणि झालं नाही तर तो रात्री झोपत नाही. जपानातल्या प्रयोगशाळांत वर्षातून एकदा मेलेल्या प्राण्यांसाठी शांतिविधी होतो. शास्त्रज्ञ आणि सांभाळणारे एकत्र उभे राहतात, फुलं वाहतात. काहींना हा देखावा वाटतो. आम्हाला त्यात निदान एवढं दिसतं की त्या दिवशी संशोधक आणि खाणं घालणारा एका रांगेत असतात.

त्या समितीवर असताना आम्ही आग्रह धरला की बैठकीला प्राणिगृहातल्या एका अटेंडंटला बोलवा. मत देऊ नका, नियमात जागा नाही तर नसू द्या, नुसतं बसू द्या. दोन बैठका यावर खल झाला. तिसऱ्या बैठकीला तो आला, तोच 23 अंशांचा माणूस. दाराजवळच्या खुर्चीवर बसला. चार प्रस्ताव होईपर्यंत बोलला नाही. पाचव्या प्रस्तावात बाहेरून 60 उंदीर यायचे होते, शनिवारी दुपारी. अध्यक्षांनी सवयीनं ‘मंजूर’ म्हटलं. तो म्हणाला, “साहेब, शनिवारी नका आणू. रविवारी मी एकटा असतो, आणि ते गाडीतून आलेले पहिल्या दिवशी पाणी पीत नाहीत. कोण पितो कोण नाही ते बघायला दोघं तरी लागतात.”

इतिवृत्तात नोंद झाली, आणि तेव्हापासून त्या संस्थेत प्राणी मंगळवारी येऊ लागले.